जखमेची साक्ष

जखमेवरून फिरविलेला कापसाचा एक लहानसा बोळा प्रयोगशाळेत जातो, दोन-तीन दिवसांनी तेथून एक कागद येतो, आणि त्यावर लिहिलेल्या जंतूच्या नावावरून रोग्याचे औषध ठरते. हा प्रकार आता इतका नित्याचा झाला आहे की, त्या बोळ्याने आणलेली साक्ष खरी की खोटी, असे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः या साक्षीचा इतिहास म्हणजे या एकाच शंकेचा इतिहास होय.

जखमा जंतूंमुळे चिघळतात हे लिस्टरने १८६७ साली कार्बोलिक आम्लाचा उपयोग करून सुचविले होते. परंतु कोणते जंतू, हे सांगणारा पुरावा पुढे आला तो स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे. तेथील शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन याने १८८० च्या सुमारास आपल्या घरामागील प्रयोगशाळेत गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयास घेतला. कित्येक गळवांत त्याला बारीक वाटोळे कण दिसले. काही ठिकाणी साखळीसारखे ओवलेले, तर काही ठिकाणी द्राक्षांच्या घडासारखे लगडलेले. घडासारख्यांना त्याने १८८२ साली ग्रीक शब्दावरून ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. हे जंतू वाढविण्यासाठी त्याने कोंबडीच्या अंड्यांचा उपयोग केला. पण मला त्याच्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती त्याने नोंदविलेली एक अभावाची गोष्ट. ज्यांत दाह नाही अशा ‘थंड’ गळवांत त्याला हे कण आढळले नाहीत. हवेतून किंवा हत्यारावरून ते पुवात पडत असते, तर दोन्ही प्रकारच्या गळवांत सापडावयास हवे होते. आपणच तर साक्षीदार पढवून आणला नाही ना, ही शंका अशा रीतीने फिटली.

या शंकेला खरे तीव्र रूप आले पहिल्या महायुद्धात. १९१४ साली सर आल्मरॉथ राइट यांची तुकडी फ्रान्समधील बूलोन येथे दाखल झाली. समुद्रकाठच्या या नगरातील जुगारगृहाचे लष्करी रुग्णालय झाले होते, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर, जेथे पूर्वी तलवारबाजीचे धडे दिले जात, तेथे प्रयोगशाळा थाटण्यात आली. तिच्यात अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचा तिशी ओलांडलेला एक अबोल डॉक्टर काम करीत होता. पेनिसिलिनचा शोध अद्याप चौदा वर्षे दूर होता.

शेणखताने कसलेल्या जमिनीतील चिखल, आणि त्यात माखलेल्या गणवेशाच्या चिंध्या, तोफगोळ्याच्या तुकड्यांबरोबर शरीरात खोल जात. फ्लेमिंगने जखमांतील स्राव वेळोवेळी घेऊन तपासला. पहिल्या दिवसांत हवेवाचून वाढणारे, मांस सडविणारे जंतू त्यात आढळत. पुढे त्यांची जागा साखळीचे व घडाचे जंतू घेत. म्हणजे जखम तीच, पण साक्ष दिवसागणिक बदलते! नमुना कोणत्या दिवशी घेतला हे लिहिल्यावाचून उत्तराला अर्थ राहत नाही.

मग त्याने एक साधी युक्ती केली. काचेची नळी तापवून तिच्या भिंतीतून पोकळ, टोकदार काटे ओढून काढले. गोळ्याने फाटलेल्या मांसातील आडकोपऱ्यांची ती प्रतिकृती. तीत जंतुमिश्रित द्रव भरून ओतून टाकला, नंतर जंतुनाशक भरले, तेही ओतून टाकले, आणि पुन्हा स्वच्छ पोषक द्रव घातला. जंतू पुन्हा वाढले. मधली पोकळी धुऊन निघाली, पण काट्यांत लपलेले जंतू जिवंत राहिले. त्यातही जंतुनाशके जंतूंहून रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशींनाच अधिक मारतात, असे त्याला आढळले. वर लावलेले औषध तळापर्यंत पोचत नाही, हे लष्करी शल्यविशारदांच्या गळी उतरविणे सोपे नव्हते. आणि औषधाला जे लागू तेच बोळ्यालाही लागू: वरून पुसून घेतलेला नमुना वरचेच सांगणार.

यावरचा तोडगा पुष्कळ उशिरा निघाला. १९७६ साली लेव्हीन व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी उघड्या जखमांवरील जंतू मोजण्याची बोळ्याची रीत प्रसिद्ध केली. ती लेव्हीनची रीत म्हणून आजही शिकविली जाते. जखम प्रथम निर्जंतुक मिठाच्या पाण्याने धुवावयाची. जंतुनाशकाने नव्हे, कारण तसे केल्यास साक्षीदारच मारला जातो. साठलेला पू, पिवळी मेलेली त्वचा, कोरडी खपली यांना बोळा लावावयाचा नाही; कडेच्या निरोगी त्वचेला तर मुळीच नाही. मेलेले मांस नाही असा स्वच्छ, जिवंत एक चौरस सेंटिमीटर भाग निवडून, आतला द्रव वर येईल इतका दाब देत बोळा पाच सेकंद फिरवावयाचा. रोग्याला दुखते, त्याला आधी तसे सांगावे. जखम कोरडी असेल तर बोळा त्याच मिठाच्या पाण्याने ओला करून घ्यावा. शक्य तेथे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच नमुना घ्यावा.

जखमेत लाली, सूज, वाढती वेदना, दुर्गंधी यांपैकी काहीच नसेल, तर बोळा घेऊच नये. उघड्या जखमेवर जंतू वस्तीला असतातच. ते सापडले म्हणून औषध दिल्यास रोग्याला लाभ नाही, आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र फोफावतात. खोल गळवातील पू सुईने ओढून घेतलेला बरा, आणि आतील मांसाचा तुकडा मिळाल्यास तो बोळ्याहून अधिक विश्वासार्ह.

बोळा नळीत गेला की त्याच क्षणी, रोग्याच्या खाटेजवळ उभे राहूनच, चिठ्ठी लिहावी: जखम शरीराच्या कोणत्या भागावर, किती दिवसांची, कोणते औषध चालू, आणि नमुना किती वाजता घेतला.