४५ चा आकडा आणि आमची कयाधू

आजचा भाग एका आकड्याच्या इतिहासाचा आहे. आकडा आहे ४५. आणि सुरुवातीलाच कबुली देतो, या आकड्यापाशी मी स्वतः सपशेल चुकलोय.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. शेताला लागून ओढा आहे, तो पुढे कयाधूला मिळतो. ओढ्याच्या काठावरच आमची विहीर. जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच बायकांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवतात, आई त्यातली एक. गेल्या पावसाळ्यात बहीण बाळंतपणाला आली होती. बाळाला वरचं दूध द्यायची वेळ आली, म्हणून आईने विहिरीचं पाणी तपासलं. नायट्रेटच्या नळीत गुलाबी रंग आला, तक्त्यावरच्या ४५ च्या खुणेपेक्षा गडद.

म्हटलं, खात्री करून घेऊ. नमुना एका प्रयोगशाळेत दिला. रिपोर्ट मोबाइलवर आला: १२. मी पुण्यातून फोन करून सांगितलं, "४५ च्या किती खाली आहे! बिनधास्त वापरा."

आई म्हणाली, "मंग ह्यो रंग खोटं बोलायलाय का?"

रात्री रिपोर्ट पुन्हा उघडला. खाली बारीक अक्षरात होतं, ‘नायट्रोजनच्या स्वरूपात’. नायट्रेटच्या ६२ भारात नायट्रोजन फक्त १४. म्हणजे १२ ला ४.४३ ने गुणायचं. उत्तर येतं ५३. रोज कोड लिहिणारा मी, एककच वाचलं नव्हतं. लगेच फोन लावला. वडील म्हणाले, "उकळून देऊ की." पण उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. बाळाचं पाणी त्याच रात्री बदललं.

मग मी शोधायला बसलो, हे ४५ आलं कुठून?

१९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध छापला. शेतातल्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेली तान्ही बाळं निळसर पडत होती. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. कॉम्लींनी सुचवलं, नायट्रोजन म्हणून मोजलं तर प्रमाण १० पर्यंत असावं, फार तर २०. १९६२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने नायट्रेट म्हणून लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. म्हणजे जवळपास तेच १०, फक्त एकक वेगळं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, आजही ४५ च आहे. २०१२ च्या आवृत्तीत तर त्यात सवलत नाही असं स्पष्ट लिहिलंय.

आता दुसरा ४५. २०१८ पासून युरियाची गोणी ५० किलोऐवजी ४५ किलोची झाली. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे गोणीत जवळपास २१ किलो. पीक सगळं उचलत नाही. उरलेल्याचं जमिनीत नायट्रेट होतं, ते मातीला धरून राहत नाही. पाऊस पडला की थोडं खाली विहिरीत, थोडं ओढ्यात. फॉस्फेटचं उलट, ते मातीला चिकटतं आणि वाहून जाणाऱ्या मातीबरोबर जातं. ओढ्यातून कयाधू, मग पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि शेवटी गोदावरी. आमच्या हळदीला टाकलेलं खत एवढा प्रवास करू शकतं.

पण ४५ हा आकडा बाळाच्या जिवासाठी ठरवलेला आहे, ओढ्यासाठी नाही. पाणी पिण्यालायक असूनही त्यात शेवाळ माजू शकतं. १९७३ मध्ये कॅनडात शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला.

आपल्याकडे १९७४ च्या जल कायद्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं आणि पुढे नद्यांचे नमुने घेणं सुरू झालं. नायट्रेट मोजलंही जातं. पण नदीच्या पाण्याचे ए ते ई असे जे पाच वर्ग आहेत, त्यांच्या मुख्य निकषांत नायट्रेट नाही आणि फॉस्फेटही नाही. शिवाय आमच्यासारखा ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो. खत वाहून जातं ते पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसांत, काही तासांत. महिन्यातून एकदा बाटली भरली तर नेमकं तेच निसटतं. आणि नुसतं प्रमाण पुरत नाही. पाणी किती वाहतंय तेही मोजावं लागतं, तरच किती किलो खत गेलं ते कळतं.

म्हणून यंदा आम्ही ओढ्याच्या पुलाच्या खांबावर रंगाने फूटपट्टी आखलीय. मोठा पाऊस झाला की आई नळीतला रंग आणि पाण्याची पातळी, दोन्हींचा फोटो पाठवते. मी शीटमध्ये तारीख, वेळ, आकडा भरतो. एककासाठी वेगळा रकाना केलाय. तो रिकामा ठेवला तर ओळ सेव्हच होत नाही.

तुमच्या घरी पाण्याचा रिपोर्ट असेल तर आज काढून बघा, आकड्यापुढे काय लिहिलंय. भेटू पुढच्या भागात.