नवी मुंबईच्या नियोजनातील रस्ता, नाला आणि उकिरडा

१

नवी मुंबईच्या उभारणीचा इतिहास बहुधा पूल आणि रेल्वेमार्ग यांच्या आधाराने सांगितला जातो, आणि तसा तो सांगण्यास सबळ कारणही आहे. ठाण्याची खाडी ओलांडण्याची सोय झाल्याखेरीज तिच्या पूर्वेस मोठे शहर वसणे शक्य नव्हते. तथापि, केवळ माणसांची व मालाची ने-आण करून कोणत्याही शहराचे भागत नाही. पावसाचे पाणी, घरोघरचा मैला, कारखान्यांचे सांडपाणी आणि रोजचा केरकचरा यांनाही वाट लागते. या दोन्ही प्रकारच्या वाहतुकींचा विचार एकाच कायद्यान्वये व एकाच प्रदेशासाठी आरंभिला गेला. परंतु पहिली बऱ्याच अंशी सिद्धीस गेली आणि दुसरी मागे पडली. असे का घडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

मुंबई राज्य सरकारने १९५८ साली श्री. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. १९६१ साली सादर झालेल्या त्याच्या अहवालात, मुंबई बेट व मुख्य भूमी यांना जोडणारा रस्ता व रेल्वे यांचा संयुक्त पूल ठाण्याच्या खाडीवर बांधावा, अशी शिफारस होती. पुढे १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. त्याच वर्षी शासनाने प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नियुक्त केली. मुंबईतील उद्योगांच्या वाढीस आळा घालावा, मुख्य भूमीवर प्रत्येकी अडीच लक्षांहून कमी वस्तीची अनेक केंद्रे विकसित करावीत आणि या कामी प्रादेशिक योजनेचा अवलंब करावा, अशी या समितीची भूमिका होती.

या विचारमंथनातूनच महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा संमत झाला. प्रादेशिक योजनेत कोणत्या विषयांचा समावेश असावा, याची यादी या अधिनियमात दिलेली आहे. तीत दळणवळणाचा उल्लेख आहे, हे स्वाभाविकच होय; परंतु त्याबरोबरच मलनिःसारण, पूरनियंत्रण आणि नद्यांच्या प्रदूषणास प्रतिबंध हे विषयही नमूद केलेले आहेत. नदीच्या शुद्धतेची चिंता ही अलीकडच्या काळाची देणगी होय, असा जो समज आढळतो तो यावरून निराधार ठरतो. कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीसमोर रस्ता व नदी ही दोन्ही होती.

अधिनियमानुसार १९६७ मध्ये मुंबई महानगर प्रादेशिक नियोजन मंडळ स्थापन झाले. त्याच्या प्रारूप योजनेत खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचा प्रस्ताव होता. ती योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. तत्पूर्वीच, दिनांक १७ मार्च १९७० रोजी, सिडको या शासकीय महामंडळाची नोंदणी झाली. या दोन संस्थांच्या स्वरूपातील भेद लक्षात घेतला पाहिजे. मंडळाचे कार्य प्रदेशाची पाहणी करून योजना सिद्ध करणे एवढेच होते. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम अधिसूचित हद्दीपुरते महामंडळाकडे आले. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील मिळून ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या हद्दीत आले. ही हद्द गावांच्या शिवांवरून आखली गेली. नद्यांच्या पाणलोटावरून नव्हे.

३

महामंडळास प्रारंभी मिळालेले भांडवल ३ कोटी ९५ लाख रुपये होते. सुमारे वीस लक्ष लोकवस्तीचे शहर एवढ्या रकमेत उभे राहणे अशक्यच होते. यास्तव भूमी हेच भांडवल मानण्यात आले. शासनाने संपादिलेली जमीन विकसित करावी, ती विकावी आणि येणाऱ्या द्रव्यातून पुढील सोयी कराव्यात, अशी ही पद्धती होती. तिची किंमत मूळच्या शेतकऱ्यांनी, मिठागरवाल्यांनी व कोळ्यांनी मोजली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व शासनास मान्य करावे लागले.

या अर्थव्यवस्थेचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. खाडीवरील पहिला रस्त्याचा पूल १९७३ मध्ये खुला झाला. परंतु बर्वे अभ्यासगटाने सुचविलेली रेल्वे त्याबरोबर आली नाही. मानखुर्द ते वाशी हा लोहमार्ग सुरू होण्यास १९९२ साल उजाडले. तो शक्य झाला याचे कारण खर्चाची वाटणी होय. खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश भाग सिडकोने व उर्वरित रेल्वेने उचलला. स्थानकाभोवतीच्या जमिनीचे मोल वाढते व त्या वाढीतून खर्च भरून निघतो, असा यामागील हिशेब होता. लोहमार्ग १९९८ मध्ये पनवेलपर्यंत गेला, २००४ मध्ये ठाणे–वाशी मार्ग झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये गाडी उरणला पोहोचली. त्याच महिन्यात शिवडी–न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतूही वाहतुकीस खुला झाला. विलंब झाला; तथापि प्रत्येक टप्प्यास धनी मिळाला.

नाल्याची गोष्ट वेगळी आहे. नाला रुंद ठेवणे म्हणजे विक्रीयोग्य जमीन सोडून देणे होय. नदीकाठ मोकळा ठेवला, तर त्याचा लाभ खालच्या अंगास राहणाऱ्यास मिळतो. खर्च मात्र वरच्यास पडतो. असा लाभ भूखंडाच्या किमतीत सहसा दिसत नाही. भूमीच्या विक्रीवर चालणाऱ्या व्यवस्थेत जे विकता येत नाही ते मागे पडावे, यात कोणाच्या दुष्ट हेतूचा शोध घेण्याचे कारण नाही.

४

दुसरे कारण भौगोलिक आहे. नवी मुंबईच्या उत्तर भागात पारसिकचा डोंगर व ठाण्याची खाडी यांच्यामधील भूमीची एक अरुंद पट्टी दक्षिणोत्तर पसरलेली आहे. ठाणे–बेलापूर रस्ता, लोहमार्ग आणि औद्योगिक पट्टा यांची दिशाही तीच. पाणी मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. डोंगरावरून निघालेला ओढा काही किलोमीटरांच्या प्रवासात वनखात्याची टेकडी, औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, मोठा रस्ता, रेल्वेचा भराव, नगरातील वसाहत आणि कांदळवन इतक्या टापूंतून जातो. त्या प्रत्येकाचा कारभारी निराळा. रस्ता एका यंत्रणेच्या हाती लांबच लांब राहतो, तर ओढा प्रत्येक टप्प्यावर हात बदलतो.

सखल भागातील निचऱ्याचा विचारच झाला नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. वाशी, नेरूळ आदी भागांतील पुष्कळशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. सर्वत्र भराव घालण्याऐवजी तेथे हॉलंडच्या धर्तीवर बांध व धारण तलाव योजण्यात आले. भरतीच्या वेळी झडपा मिटून खाडीचे पाणी अडविले जाते, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागताच बाहेर पडते. ही युक्ती परकी असली तरी या भूमीला अपरिचित नव्हती. पनवेल व पेणच्या खारपाटात बांध घालून व उघाडी ठेवून भातशेती करण्याची रीत फार जुनी आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये तेथील शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे. तीत बांधाची निगा राखण्याचा भार खारजमीन धारण करणाऱ्यांवर असे, व त्यासाठी धान्यरूपाने वर्गणी घेतली जाई. बांध फुटला तर कोणाचे शेत बुडेल, हे ज्यास ठाऊक होते त्याच्याचकडे बांधाची जबाबदारी होती.

धारण तलावांस असा धनी लाभला नाही. तलाव बांधणारे महामंडळ निराळे, ते सांभाळणारी महानगरपालिका निराळी. कालांतराने त्यांत गाळ साचला, गाळावर कांदळवन वाढले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने व २०१८ च्या निर्णयाने कांदळवनास संरक्षण मिळाले. ते संरक्षण योग्यच होते. परंतु त्यामुळे तलावाचा गाळ काढण्याचे साधे कामही परवानग्यांच्या प्रश्नात अडकले. निचऱ्याची जागा व निसर्गाची जागा ही एकच आहे, हे आरंभीच मानून व्यवस्था केली असती तर हा पेच इतका बिकट झाला नसता.

दक्षिणेकडे गाढी नदीचे उदाहरण घ्यावे. ती माथेरानच्या डोंगररांगेत उगम पावते व पनवेलजवळ खाडीस मिळते. तिचे मुख नव्या शहराच्या हद्दीत, उगम मात्र हद्दीबाहेर! २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत पनवेलकरांनी तिच्या पुराचा अनुभव घेतला. विमानतळास २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली, तेव्हा गाढीचा प्रवाह कायम ठेवून उलवे नदीचा प्रवाह वळविण्याचे ठरले. तेथे डोंगर सपाट झाला, भराव पडला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानांच्या वाटेचे नियोजन प्रदेशाच्या, किंबहुना देशाच्या, दृष्टीने झाले. नदीच्या वाटेचे नियोजन त्या एका प्रकल्पाच्या कुंपणापुरते राहिले.

५

कचऱ्याचा इतिहास हा हद्दीच्या कडांचा इतिहास आहे. मुंबईने १९२७ पासून आपला कचरा देवनारला, म्हणजे खाडीच्या पश्चिम काठी, टाकला. पूर्व काठावर कोपरखैरणे येथे नव्या शहराची क्षेपणभूमी होती. ती बंद होऊन तेथे निसर्ग उद्यान झाले, आणि कचरा डोंगराच्या पायथ्याशी तुर्भ्यास गेला. घातक औद्योगिक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र तळोज्यास आले. तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. खाडी एक, परंतु तिच्या दोन्ही काठांवर दोन महानगरपालिका आपापला उकिरडा स्वतंत्रपणे ठेवीत आल्या.

अनेक नगरांसाठी तळोजे परिसरात एकच सामाईक क्षेपणभूमी करण्याचा प्रस्ताव महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मांडला होता. स्थानिक विरोधामुळे तो आकारास आला नाही. त्या विरोधास केवळ अडाणीपणा म्हणता येणार नाही. प्रादेशिक रेल्वेचा लाभ प्रदेशभर वाटला जातो. प्रादेशिक उकिरड्याचा भार एकाच गावाच्या माथी येतो. भाराची भरपाई कोणी व कशी करावयाची, हे ठरविल्यावाचून नकाशावर जागा दाखविणे म्हणजे नियोजन नव्हे.

६

याबाबत जर्मनीतील रूहर प्रदेशाचा इतिहास उद्बोधक आहे. तेथे एम्शर नदीसाठी १८९९ साली नगरे, खाणी व कारखाने यांची एक सहकारी संस्था स्थापन झाली. प्रादेशिक नियोजनाचे मंडळ त्यानंतर, १९२० मध्ये, आले. या संस्थेने नदीला दीर्घकाळ उघड्या गटाराचेच रूप दिले होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु नदीस धनी होता, सभासदांकडून पट्टी वसूल करण्याचा अधिकार होता. म्हणूनच १९९० नंतरच्या तीन दशकांत तिला मैलापाण्यापासून मुक्त करण्याचे काम त्याच संस्थेस तडीस नेता आले. शिलोत्री बांध आणि एम्शरची संस्था यांत आकाराचे अंतर प्रचंड असले, तरी पाण्याच्या वाटेवर राहणाऱ्यांनीच तिचा खर्च वाटून घ्यावा, हे तत्त्व दोहोंत एकच आहे.

नवी मुंबईपुरता विचार करता परिस्थिती आज काहीशी बदललेली आहे. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २७० गावांचे नियोजन सिडकोकडे सोपविण्यात आले. पुढे या क्षेत्राच्या हद्दीत बदल झाले. गाढीकाठची नेरे, विचुंबे, देवद ही गावे या नियोजनाच्या कक्षेत आली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. हद्द विस्तारण्याचे निमित्त विमानतळ होते, नदी नव्हती. तरीही त्यायोगे नदीचा वरचा व खालचा काठ प्रथमच एका नियोजनदृष्टीखाली येऊ शकला. नेरे–विचुंबे पट्ट्यातील शेते अद्याप पूर्णतः इमारतींखाली गेलेली नाहीत. पुराला पसरण्यास जागा तेथेच आहे, आणि भूखंडांची मागणीही तेथेच आहे. १९६६ च्या अधिनियमातील नदीविषयक तरतुदीस खर्चाची वाटणी व उत्तरदायी संस्था यांची जोड मिळते की नाही, हे त्या पट्ट्याचे आराखडे कोणत्या हिशेबाने आखले जातात यावरून ठरेल. लोहमार्गासाठी असा हिशेब एकदा यशस्वीपणे मांडला गेला आहे. तेव्हा तो मांडण्याची पात्रता येथील संस्थांना नाही, असे इतिहासाच्या अभ्यासकास म्हणता येणार नाही.