नावेची आतली बाजू

नर्मदाकाठी स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना नाव ही काही अपरिचित वस्तू नव्हे. देशावरून पाहुणे आले की त्यांना भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नावेने फिरवून आणणे, हा जबलपूरच्या मराठी घरांचा जणू कुलाचारच आहे. पाहुणे कडे पाहतात, नावाड्याचे यमकबद्ध वर्णन ऐकतात. परंतु ज्या लाकडाच्या पोटात आपण बसलो आहोत, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या दुर्लक्षित बाजूविषयी येथे थोडे लिहावे, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्राला नौकाबांधणीची थोर परंपरा आहे. शिवछत्रपतींनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या परिसरात जहाजे बांधण्यास आरंभ केला. पुढे विजयदुर्गानजीक गिर्ये येथील गोदी नावारूपास आली, आणि आनंदराव धुळपांच्या आरमाराने १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पाडाव केले. मुंबईच्या गोदीत १७३६ पासून वाडिया घराण्याने सागवानी जहाजांची कीर्ती सातासमुद्रापार नेली. १८१७ च्या ऑक्टोबरात जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. ती नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे.

या परंपरेचे धागे आमच्या परिसराशीही जुळतात. जबलपूरच्या पश्चिमेस सागाचे राज्य, तर पूर्वेस मंडल्याकडे सालवृक्षांची अरण्ये. साग हे नौकेचे उत्तम लाकूड. आणि सालाची राळ फळ्यांच्या सांधी बुजविण्यास कारागीर पूर्वापार वापरीत आले.

मोठ्या जहाजाच्या पोटात फासळ्या आणि अस्तराच्या फळ्या असतात. लहान नावेत मात्र पुष्कळसे लाकूड उघडेच राहते. ते गुळगुळीत करणे हे बाहेरच्या कामाहून कठीण. बाहेरचा भाग फुगीर असल्याने सपाट रंधा उंचवट्यावर सहज चालतो. आत मात्र त्याची दोन्ही टोके टेकतात आणि मधले पाते अधांतरी राहते. म्हणून वाकसाने बेताने तासावे लागते, तळाशी गोलाई असलेला रंधा घ्यावा लागतो, आणि शेवटी घोटणे. काचकागद सुलभ होण्यापूर्वी अनेक देशांत त्यासाठी मुशीची खरखरीत कातडी वापरीत.

काचकागद सपाट ठोकळ्यावर गुंडाळला तर त्याच्या कडा लाकडात रुततात. नुसत्या बोटांनी घासले तर लाकडाचे मऊ पट्टे अधिक झिजून खाचा पडतात. ठोकळ्याला नावेच्या वळणाचीच गोलाई द्यावी लागते. शिवाय तळाचे वळण निराळे, नाळेकडचे निराळे; एकाच ठोकळ्याने भागत नाही. घासणे रेषांच्या दिशेने, आधी जाड कागदाने, मग बारीक. दिवा तिरपा धरला म्हणजे सावलीने उंचसखलपणा उघड होतो, आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळते. प्रत्येक हाताबरोबर फळी पातळ होत असते. म्हणून कोठे थांबावे, हे जाणणे हेच खरे कौशल्य.

हा केवळ शोभेचा खटाटोप नव्हे. खडबडीत जागी पाणी आणि गाळ अडकतो, तेथे लाकूड कुजू लागते. स्वच्छ घोटलेल्या पोटात पाणी खोलगट भागाकडे वाहून जाते, ते उपसता येते, आणि नवी चीर वेळीच दृष्टीस पडते. अरुंद पट्ट्या एकमेकींस चिकटवून नाव बांधण्याच्या आधुनिक पद्धतीत आतून-बाहेरून काचतंतूचे कापड व राळेसारखे रसायन बसवितात. तेथेही आतील घोटाई चुकत नाही, कारण उंचवटे राहिले तर कापड नीट बसत नाही.

इतिहासग्रंथांत जहाज बांधविणाऱ्याचे नाव येते, आतून लाकूड घोटणाऱ्याचे क्वचितच येते. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांतही सतरंज्या घालणारे, हिशेब लिहिणारे, उत्सवाची भांडी मोजून परत ठेवणारे असे अनेक हात होते. त्यांपैकी कित्येक आज आपल्यात नाहीत. ज्यांना त्यांची आठवण आहे, अशा वडीलधाऱ्यांना विचारून ती नावे या सुवर्णमहोत्सवी वर्षातच लिहून ठेवावीत, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.