राईनपाडा : एका अफवेचा घटनाक्रम

दोन वर्षं आधी, २०१६
कराचीतली ‘रोशनी हेल्पलाइन’ ही मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था पालकांसाठी एक छोटी चित्रफीत काढते. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं मूल उचलून पळतात. लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात : मूल पळवायला एक क्षण पुरतो. पुढे कुणीतरी हा शेवट कापून टाकतं. उरतं नुसतं अपहरण.

३९ दिवस आधी, २३ मे २०१८
मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा कापलेल्या फितीसह दक्षिणेत फिरते आहे. बंगळुरूच्या चामराजपेठेत राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला जमाव ठार मारतो.

२३ दिवस आधी, ८ जून
आसामातल्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात दोन मित्रांचा असाच बळी जातो. संशयाला कारण एवढंच, की ते बाहेरचे होते.

३ दिवस आधी, २८ जून
त्रिपुरात सरकारच अफवांविरुद्ध प्रचाराला माणसं नेमतं. त्यातल्याच एकाला, ध्वनिक्षेपकावरून ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं सांगत फिरणाऱ्याला, साब्रूममध्ये जमाव मारून टाकतो.

शेवटचे काही दिवस
व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर तोच राहतो, गावाचं नाव तेवढं बदलतं. ‘आपल्या भागात टोळी उतरली आहे. सर्वांना कळवा.’ वर्तमानपत्रातली बातमी खोटी निघाली तर संपादकाला जाब विचारता येतो. इथे लिहिणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं. निरोप येतो तो मात्र मावसभावाकडून किंवा शेजाऱ्याकडून, म्हणून तो खरा वाटतो. अनोळखी मजकुराला ओळखीच्या माणसाची पत मिळते.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात हेच चालू आहे. त्याच सुमारास नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं पिंपळनेरजवळ पालं ठोकून राहिली आहेत. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या या भटक्या माणसांतली बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा भागातून आली आहेत. साक्रीत त्यांना नावाने ओळखणारं कुणी नाही. ती गावात पोचण्याआधीच त्यांची बदनामी पोचलेली आहे.

रविवार, १ जुलै, सकाळ
साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांवरून माणसं लोटली आहेत. त्या पालांवरचे पाच जण एसटीतून उतरतात.

काही मिनिटं आधी
त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलायला जातो, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. एरवी याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. आज बाजारातल्या माणसांच्या डोक्यात एक कथा तयार आहे; तिला फक्त चेहरे हवे आहेत. हाकाटी होते, गर्दी वळते.

घटना
पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेतात. तिथेच त्यांना काठ्यांनी, दगडांनी, चपलांनी मारहाण होते. पाचही जण मरतात. काही हात मारतात, काही हात मोबाइलवर चित्रण करतात. अफवेतून घडलेली हत्या आता स्वतःच मोबाइलवरून पसरू लागते.

त्याच रात्री, मालेगाव
इथेही तीच अफवा पसरलेली असते. फिरणाऱ्या फोटोंत २०१३ च्या सीरियातल्या रासायनिक हल्ल्यात मेलेली मुलंही आहेत, मूत्रपिंड काढलेली मुलं म्हणून! दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांमागे जमाव लागतो. एक स्थानिक माणूस त्यांना आपल्या घरात घेतो. पोलीस पोचेपर्यंत ते दार टिकतं आणि पाचही जीव वाचतात.

सोमवार, २ जुलै
राईनपाड्यातून २३ जणांना अटक झालेली आहे. आदल्या दिवशी जमावात असलेल्यांना पोलीस आता त्याच चित्रणातून ओळखू लागतात.

९ दिवसांनी, १० जुलै
व्हॉट्सॲप भारतीय वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन खोट्या माहितीपासून सावध करतं. पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागते. त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर होते.

१६ दिवसांनी, १७ जुलै
तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालय झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगतं.

यानंतर
अधिकारी जिल्ह्याला एक असतो, व्हॉट्सॲपचे गट मात्र प्रत्येक घरात असतात. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या मराठी घरांचे नातलगांचे गटही पुणे-सोलापूरपर्यंत पसरलेले आहेत, आणि ‘सर्वांना कळवा’ तिथेही येतं. अफवेला पत मिळते ती ओळखीच्या माणसाकडून. तेव्हा ती पत काढून घेण्याचं कामही त्यालाच करावं लागतं. निरोप पुढे न पाठवता गप्प बसणं पुरेसं नाही. ज्याच्या शब्दाला गटात मान आहे, अशा काकांनी, शिक्षकाने किंवा पोलीस पाटलाने त्याच ठिकाणी, सगळ्यांना दिसेल असं लिहायला हवं : हे खोटं आहे. त्रिपुराच्या प्रचारकाकडे ध्वनिक्षेपक होता, पण तेवढा पुरला नाही. आपल्याकडे ओळख आहे.