हॉर्न वाजला खरा, पण वाजवला कोणी?

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या साउथ ऑफ मार्केट भागात उंच इमारतींना लागून एक पार्किंग लॉट आहे. वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी रात्री तिथे येऊन थांबायच्या आणि पहाटे चारच्या सुमारास एकमेकींवर हॉर्न वाजवायच्या. आत ना ड्रायव्हर, ना प्रवासी. दुसरी गाडी रिव्हर्स घेत फार जवळ आली की हॉर्न द्यायचा, म्हणजे किरकोळ धडक टळेल, असं सॉफ्टवेअरला शिकवलेलं होतं. रस्त्यावर ही सोय कामाची. पण लॉटमध्ये सगळ्याच गाड्या मागेपुढे होत जागा धरतात, मग काय, सगळ्याच वाजणार! एका रहिवाशाने खिडकीतून त्याचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर सुरू केलं, बातमी जगभर गेली आणि कंपनीने सॉफ्टवेअर बदललं.

वाचणाऱ्यांना ही गंमत वाटली. शहरी आवाजांचा इतिहास अभ्यासताना मात्र मला यात एक जुना प्रश्न दिसतो: अशी तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची?

गोंगाटाविरुद्धचे कायदे सुरुवातीला माणसांना धरायचे. लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज रस्त्यावरच्या ऑर्गनवाल्यांना इतका वैतागला होता की त्याने त्यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली. १८६४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. घरात कोणी आजारी असेल किंवा कामात अडथळा येत असेल, तर घरमालकाला वादकाला तिथून जायला सांगता येऊ लागलं. न ऐकल्यास पोलीस होतेच. (हा बॅबेज म्हणजे गणनयंत्रांचा आराखडा करणारा तोच. त्याच्या वारसदार यंत्रांनी पहाटे चारला मांडलेला हा जलसा त्याला कसा वाटला असता, देव जाणे.)

ऑर्गनवाल्याला हाकलता येतं, कारण त्याला चेहरा असतो. यंत्राचं तसं नाही. एमिली थॉम्पसन आणि कारिन बाइस्टरवेल्ड या दोन इतिहासकारांची पुस्तकं या विषयात वाचायलाच हवीत. फेरीवाले आणि वादक कायद्याच्या हाती सहज लागले, यंत्रांचा आवाज मात्र निसटत राहिला, हा धागा तुम्हाला त्यांत सापडेल. न्यूयॉर्कच्या गोंगाट-निवारण आयोगाने १९२९ मध्ये वर्तमानपत्रांतून नागरिकांना प्रश्नावली दिली. ११ हजारांहून जास्त उत्तरं आली आणि यादीत वरती होती ती वाहतूकच.

मोटारीच्या हॉर्नची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. १८९६ च्या ब्रिटिश कायद्याने मोटारीवर घंटा किंवा इशारा देणारं साधन बंधनकारक केलं. म्हणजे आवाज करणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य होतं! १९३४ मध्ये परिवहनमंत्री हॉर-बेलिशा यांनी नेमकं उलट केलं. रात्री ११.३० ते सकाळी ७ पर्यंत वस्तीत हॉर्न वाजवायला बंदी आली, आधी लंडनमध्ये आणि मग इतर शहरांत. पण दोन्ही नियमांत एक गृहीतक सारखंच आहे. हॉर्नवर कोणाचा तरी हात आहे, आणि तो हात आवरता येतो.

आता २०२५ मधल्या सांता मोनिकाकडे या. तिथे वेमोची चार्जिंगची ठिकाणं घरांच्या अगदी शेजारी आहेत. हॉर्नपेक्षा तिथला त्रास रिव्हर्सच्या बीप-बीपचा आणि गाड्यांच्या सततच्या गुणगुणीचा आहे, आणि तोही रात्रभर. रहिवासी रस्त्यात उतरून गाड्या अडवू लागले. नगरपालिकेने रात्री ११ ते सकाळी ६ काम थांबवायला सांगितलं आणि डिसेंबरमध्ये भांडण कोर्टात गेलं.

इथे थोडं थांबू, कारण घाईने 'कंपनी विरुद्ध नागरिक' अशी मांडणी केली की सिनॉप्सिस तिथेच फसतो. विजेवरच्या गाडीने कमी वेगात आवाज केला पाहिजे, हा अमेरिकेतला नियम २०१० च्या कायद्यातून आला. त्यासाठी अंधांच्या संघटना झगडल्या होत्या. न ऐकू येणारी गाडी त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे एकाची झोप मोडणारी गुणगुण दुसऱ्याने लढून मिळवलेली आहे. बीपचंही तसंच. अमेरिकेतल्या बांधकाम-सुरक्षेच्या नियमात, मागचं नीट दिसत नसलेलं वाहन रिव्हर्स घेताना दोन पर्याय दिलेत: ऐकू येईल असा भोंगा, नाहीतर खुणावणारा माणूस. आपल्याकडे ट्रकमागे उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारा क्लीनर असतो, तोच. त्याच्या जागी बीप आली. फरक इतकाच की रात्री दोन वाजता क्लीनरला 'अरे बाबा, हळू' म्हणता येतं.

कायद्यालाही हाच पेच पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी चुकीचा यू-टर्न घेतलेली वेमो थांबवली, पण दंडाची पावती फाडायला ड्रायव्हरच नव्हता. २०२४ मध्ये मंजूर झालेला कॅलिफोर्नियाचा कायदा जुलै २०२६ पासून पोलिसांना थेट कंपनीच्या नावे नोटीस काढायची मुभा देतो. पण ही तरतूद वाहतुकीच्या नियमभंगासाठी आहे. खासगी लॉटमधल्या बीपचं काय करायचं, ते उपद्रवाच्या जुन्याच कायद्यात शोधावं लागतं.

या विषयावर काम करायचं असेल तर साधनांबद्दल एक सांगते. यूट्यूबवरचं प्रक्षेपण, कोर्टातले अर्ज, नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं असं पुष्कळ साहित्य मिळेल. पण न्यूयॉर्कची प्रश्नावली भरली ती वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी. कारखान्याला चिकटलेल्या चाळवजा घरांतले किती जण तीत आले असतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतही खिडकीत कॅमेरा लावणारा ऐकला गेला. त्याच लॉटच्या आसपास रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कोणी असेल, तर त्याची तक्रार कुठल्या फाइलमध्ये सापडेल, इथून मी सुरुवात करेन.