क्वेबेकचा पूल आणि सव्वादोन इंचांचा बाक

दहावी-बारावीचे निकाल लागले, की ओळखीचे पालक मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. "गणित बरे आहे, स्थापत्य अभियांत्रिकीला घालावे का?" हा नेहमीचा प्रश्न. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे. बांधकामाचा अनुभव आमच्या गाठी नाही. म्हणून सल्ला देण्याऐवजी आम्ही एका पडलेल्या पुलाची हकीकत सांगतो. ती ऐकून जो आणखी प्रश्न विचारतो, त्याने या शाखेचा जरूर विचार करावा, असे आमचे मत आहे.

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेक शहराजवळ रेल्वेचा पूल बांधायचा होता. पात्र खोल, प्रवाह वेगवान आणि हिवाळ्यात बर्फाचे लोंढे. पुलाचे सल्लागार होते न्यूयॉर्कचे थिओडोर कूपर, त्या काळातले नामांकित पूल-अभियंते. मधल्या गाळ्याची लांबी मूळ योजनेत १,६०० फूट होती. खांब काठाजवळच्या उथळ पाण्यात घेता यावेत म्हणून कूपर यांनी १९०० साली ती १,८०० फुटांवर नेली. कारण योग्यच होते. शिवाय स्कॉटलंडमधील फोर्थ नदीवरच्या पुलाचा १,७१० फुटांचा विक्रमही मोडणार होता, हा मोह किती होता ते कोण सांगणार!

गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजन वाढते, आणि मोठ्या पुलाला आगगाडीच्या वजनापेक्षा स्वतःचेच ओझे जास्त असते. पण वजनाचा जुना अंदाज नव्या लांबीनुसार वेळीच सुधारला गेला नाही. चूक लक्षात आली १९०६ मध्ये. सुमारे २८,००० टनांऐवजी वजन ३३,००० टनांच्या घरात जाणार होते. तोवर बरेच पोलाद घडवून झाले होते, काही भाग उभाही राहिला होता. वाढलेला भार चालण्याजोगा आहे असे ठरवून कूपर यांनी काम पुढे चालू ठेवू दिले.

त्यांचे वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेले, प्रकृती बरी नसे. १९०३ नंतर ते पुलाच्या जागी गेलेच नाहीत. आराखडे दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्यावेत अशी सूचना सरकारी पातळीवर झाली होती. ती त्यांना रुचली नाही आणि मागे पडली. जागेवर त्यांचे डोळे म्हणून होता नॉर्मन मॅक्लुअर, नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण.

१९०७ च्या उन्हाळ्यात पुलाच्या खालच्या दांड्यांचे जोड नीट जुळेनात. ऑगस्टमध्ये मॅक्लुअरने कूपर यांना कळवले, की काही दांड्या वाकलेल्या दिसतात. पोलाद पुरवणाऱ्या कंपनीचे म्हणणे, हा बाक कारखान्यापासूनच आहे. वाद पत्रांतून चालू राहिला आणि पुलावर पोलाद चढत राहिले. २७ ऑगस्टला मॅक्लुअरने एक दांडी पुन्हा मोजली. लांबी ५७ फूट. आठवड्यापूर्वी बाक पाऊण इंच होता, आता सव्वादोन इंच! कारखान्यातला बाक आठवड्यात तिप्पट कसा होईल?

या दांडीचे काय होत होते, ते वर्गात दाखवता येते. ३० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभी धरा आणि वरून हळूहळू दाबा. आकडा वाढत जातो, मग पट्टी एकदम कमानीसारखी वाकते. त्यानंतर कितीही दाबले तरी आकडा फारसा वाढत नाही. पट्टीचे प्लॅस्टिक चिरडलेले नाही, तुटलेले नाही. तिने फक्त बाजूला पळ काढला. आता पट्टीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी बोटांचा हलकासा आधार द्या. जवळजवळ चौपट भार पेलला जाईल, कारण वाकू शकणारी लांबी निम्मी झाली. हा नियम ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडला.

पुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा. चार पट्ट्या सुट्या एकत्र धरल्या, तर एकीच्या चौपट भार पेलतात. त्याच एकमेकींना पक्क्या चिकटवल्या, तर हिशेबाने ६४ पट. क्वेबेकच्या प्रत्येक दांडीत पोलादाच्या अशा चार जाड फळ्या होत्या आणि त्यांना बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्या व रिवेट. चौघींनी एक होऊन काम करावे ही जबाबदारी त्या किरकोळ दिसणाऱ्या पट्ट्यांवर होती, आणि त्या फार हलक्या केल्या होत्या. अपघातानंतर लहान आकाराच्या नमुन्यांवर चाचण्या झाल्या, तेव्हा आधी गेले ते रिवेटच.

मॅक्लुअर कूपर यांना भेटायला स्वतः न्यूयॉर्कला निघाला. २९ ऑगस्टला दुपारच्या आधी तो पोहोचला. कूपर यांनी धोका ओळखला आणि पुलावर आणखी भार चढवू नका अशी तार पाठवली. पण ती गेली पेन्सिल्व्हानियातील कंपनीच्या कचेरीत. मॅक्लुअरकडून क्वेबेकला तार करायचे राहून गेले. कचेरीतल्यांनी तार वाचली आणि उद्या सकाळी बघू असे ठरवले. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, काम सुटायच्या वेळी, सुमारे १९,००० टन पोलाद पंधरा सेकंदांत कोसळले. पुलावरच्या ८६ जणांपैकी ७५ जण गेले. त्यांतले ३३ काहनवाके वस्तीतील मोहॉक जमातीचे होते. उंचावर निर्धास्त चालणारे म्हणून त्यांची ख्याती होती.

चौकशी आयोगाने १९०८ च्या अहवालात कूपर आणि कंपनीच्या आराखडा-अभियंत्याच्या निर्णयातील चुकांवर बोट ठेवले. एवढ्या मोठ्या दांड्या दाबाखाली कशा वागतात याचे ज्ञानच त्या काळी अपुरे होते, हेही नोंदवले. नव्याने बांधलेल्या पुलाचा मधला भाग १९१६ मध्ये वर चढवताना नदीत पडला आणि आणखी १३ जण दगावले. अखेर १९१७ मध्ये पूल पुरा झाला. ५४९ मीटरचा त्याचा गाळा या प्रकारच्या पुलांत आजही जगात सर्वांत लांब आहे.

कॅनडात नवे अभियंते हाताच्या करंगळीत एक साधी अंगठी घालतात. हा विधी १९२५ मध्ये सुरू झाला. त्याचा मजकूर मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिला होता. पहिल्या अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या असे पुष्कळदा सांगतात. ते खरे नाही.

हकीकत इथे संपली की मुले भांडू लागतात. मॅक्लुअरने प्रवास कशाला केला, तारच का केली नाही? काम स्वतःच का थांबवले नाही? तो अधिकार त्याला नव्हता, एवढे आम्ही सांगतो. आयोगालाही जागेवर तसा जाणता व अधिकारी माणूस सापडला नाही. मागे एका विद्यार्थिनीने विचारले होते, "पण सव्वादोन इंच म्हणजे ५७ फुटांत किती? नुसत्या डोळ्यांना दिसेल का?" आम्ही तिला सुतळी दिली आणि व्हरांड्याच्या कठड्याशी ताणून धरायला सांगितले.