तांबड्या पेशी का फुटतात?

तांबडी रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते. ती त्याआधीच फुटू लागली आणि अस्थिमज्जेला तूट भरून काढता आली नाही, की हिमोलिटिक अ‍ॅनिमिया होतो. चेहरा पांढुरका पडतो, डोळे पिवळे दिसतात, पाणथरी वाढते. दोष पेशीतच असेल तर आजार बहुधा आनुवंशिक. पेशी निकोप असून मारा बाहेरून होत असेल तर तो पुढे जडलेला.

1945 मध्ये इंग्लंडमध्ये कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी एरवी न दिसणारी प्रतिपिंडे उघडकीस आणणारी चाचणी काढली. शरीर स्वतःच्याच पेशींवर उठले आहे का, हे तिच्यामुळे कळू लागले.

सात वर्षांनी हेच रेस मुंबईच्या एका शोधाला हातभार लावताना दिसतात. 1952 मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट नोंदवला, तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. या माणसांच्या पेशींवर एच प्रतिजनच नसते आणि रक्तद्रवात त्याविरुद्धची प्रतिपिंडे निसर्गतःच तयार होतात. त्यांना ‘ओ’ गटाचे रक्त दिले तरी ते नसांतच फुटते. आनुवंशिक आणि जडलेला हे दोन कप्पे इथे एकमेकांत मिसळतात: गुण वारशाचा, पेशींचा नाश मात्र रक्त चढवल्यावरचा. 1957 मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. आजची परळची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था त्यातूनच वाढली.

विदर्भाची वाट वेगळी. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडच्या सिकलसेलची नोंद केली. या आजारात पेशीतले हिमोग्लोबिनच बदललेले असते आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी घरांत हा आजार आजही मुलांचे बालपण दुखण्यांत घालवतो.

नवी मुंबईत पेशी फुटण्याचा प्रश्न हिवतापाच्या वाटेनेही येतो. 1970 मध्ये हे शहर वसवणारे सिडको महामंडळ स्थापन झाले, खाडीकाठी शहर उभे राहू लागले; बांधकामांवर साचलेल्या पाण्यात डास वाढतात. हिवतापाचा परजीवी स्वतःच पेशी फोडतो. व्हायव्हॅक्स प्रकारात प्रायमाक्वीनच्या गोळ्या 14 दिवस देतात. पण जी-6-पीडी विकर कमी असलेल्यांच्या पेशी या औषधानेच फुटू शकतात. 1956 मध्ये अमेरिकेत उलगडलेली ही उणीव मुंबईच्या पारशी समाजात बरीच आढळली. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली, तर औषध ताबडतोब थांबवून रक्त तपासावे लागते.